भात सोडल्याचा बोभाटा

आमच्या गावात माणसं बरंच काही सोडत. कोणी विडी सोडे, कोणी पत्ते, एकाने तर सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं होतं. पण भात सोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तो मान ऐंशी सालाच्या आगेमागे मला मिळाला, आणि तो मी इतक्या थाटात मिरवला की पुढे जे झालं ते होणारच होतं.

भात सोडायचं कारण एक अंगठा होता. माझा नव्हे, वडिलांचा. केळीच्या बागेत त्यांच्या पायाला खुरपं लागलं. जखम एवढीशी, पण भरेना. तेव्हा कळलं, साखर आहे. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग वडील. मी कॉलेजात होतो आणि त्यांच्या पायाची पट्टी मी बदलायचो, त्यामुळे त्या आजाराची मला पुस्तकातून ओळख करून घ्यावी लागली नाही. पुढे मी वसईतल्याच एका शाळेत भूगोल शिकवायला लागलो, लग्न झालं, पोट सुटलं, आणि एक दिवस डॉक्टर मला म्हणाले, “मास्तर, तुम्हालाही साखर आहे.” मी आधी बुटातल्या बुटात अंगठा हलवून बघितला.

“आत्ताच सुरुवात आहे,” डॉक्टर म्हणाले. “भात, साखर कमी करा. ईस्टर झाला की या. नाही उतरली तर गोळ्या, आणि गोळ्यांनी नाही भागलं तर सुई.”

सुई मी बघितलेली होती. वडिलांच्या मांडीवर रोज.

त्याच सुमाराला माझा मेहुणा सुट्टीवर आला. तो परदेशी जहाजावर स्वयंपाकी होता आणि जगातलं सगळं ज्ञान त्याला भटारखान्याच्या खिडकीतून मिळत असे. तो म्हणाला, “भावोजी, कमी कशाला करताय? पुरता सोडा. भात, पाव, बटाटा, केळं, साखर, सगळं बंद. त्याच्या बदल्यात अंडी, मासे, डुक्कर, लोणी, खोबरं, पोटभर. अमेरिकेतले गोरे हल्ली सँडविचचा पाव बाजूला ठेवतात आणि आतलं मटण खातात. मी स्वतःच्या हातानं असले पाव फेकलेत.”

माणूस नवं तत्त्वज्ञान पटकन कधी स्वीकारतो? ते त्याच्या जिभेला परवडतं तेव्हा. कारलं खा म्हणाला असता तर मी मेहुण्याला अडाणी ठरवलं असतं. तो डुक्कर खा म्हणाला, म्हणून मला तो द्रष्टा वाटला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “लोण्याचं मी सांगितलेलं नाही, ते तुमच्या जबाबदारीवर. भात सोडताय तर सोडा, बघू.” यातलं ‘सोडा’ एवढंच मी ऐकलं.

शहाणा माणूस हे गुपचूप करतो. मी शिक्षक. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवला. आत चार उकडलेली अंडी, तळलेला बांगडा आणि लोण्याचा गोळा.

आमच्या टेबलाला जेवायला चौघं असायचो. मी एक. दुसरे ड्रिलचे मास्तर, नायगावच्या खाडीकाठचे, माझ्याच वयाचे, घरची भातशेती, आवाज मैदानाच्या मापाचा. तिसरे संस्कृतचे गुरुजी, निवृत्तीला आलेले, शुद्ध शाकाहारी. आणि चौथ्या विज्ञानाच्या बाई. त्या फुलपाड्याहून यायच्या, कमी बोलायच्या, आणि बोलल्या की समोरच्याचं बोलणं थांबायचं.

“भात कुठाय?” ड्रिल मास्तरांनी डब्यात वाकून बघितलं.

“सोडला.”

“सोडला म्हनजे? सांडला?”

“सोडला. कायमचा. पावसुद्धा.”

ड्रिल मास्तरांनी घास खाली ठेवला. “अरे, मग जेवलास असं कोनाला सांगनार? भात नाही खाल्ला तर माणूस फक्त तोंड हलवून उठतो.”

गुरुजींचं लक्ष लोण्याकडे होतं. “हे चालतं तुम्हाला?”

“लोणी, तूप, हवं तेवढं.”

“अहो मास्तर, तूप भातावर घालायचं असतं,” गुरुजी कळवळून म्हणाले. “भातच नाही तर तूप ठेवणार कुठे? तळहातावर?”

मग मी तो मेहुण्याचा सिद्धान्त सांगितला. सांगितला म्हणजे शिकवला. कोपऱ्यात जगाचा नकाशा गुंडाळून ठेवला होता, तो उघडून भिंतीला लावला आणि पट्टीने उत्तर ध्रुवाकडचा भाग दाखवला. इथले एस्किमो लोक बघा, म्हटलं, जन्मात भाताचं शीत बघत नाहीत, सील प्राण्याच्या चरबीवर जगतात. आहे कोणाला साखर?

“मग जा ना तिकडं,” ड्रिल मास्तर म्हणाले. “वसईत राहून कशाला घाम पुसतोस?”

“आणि गुरुजी, तुमची एकादशी,” मी जोरात आलो होतो. “साबुदाणा, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. माझ्या आठवडाभराच्या जेवणात नसेल तेवढी साखर तुमच्या एका उपासात आहे.”

“आम्ही देवासाठी उपास करतो,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “देवाला कधी साखर झाल्याचं ऐकलं नाही.”

रोजच हे चालायचं. एकदा ड्रिल मास्तरांनी मला खरंच कोंडीत पकडलं. “रविवारी तुमच्या देवळात ती पातळ, पांढरी भाकर जिभेवर ठेवतात ना रं? ती गव्हाचीच ना? ती पन सोडली?” आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो, आणि ड्रिल मास्तर आमच्या सणाला दरवर्षी येत, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक. रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर मी फादरना गंभीरपणे विचारलं. फादर माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, “बाळा, एवढं त्या भाकरीनं नाही झालेलं.”

वाद फार वाढला तेव्हा बाई म्हणाल्या, “भांडता कशाला? प्रयोगशाळेत निळं द्रावण आहे. लघवीचे काही थेंब घालून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं तर भरपूर. नळी सांगेल.”

डॉक्टरांकडे माझा रंग नारिंगी आला होता. दुसऱ्या दिवशी मी शाईच्या रिकाम्या दौतीत नमुना नेला, आणि एका बाईमाणसाच्या हातात ही वस्तू कशी द्यायची म्हणून कागदात गुंडाळून टेबलावर ठेवून बाजूला झालो.

“कोणाचं हे?” बाईंनी विचारलं.

“भूगोलाचं,” मी म्हटलं.

बाईंनी कागद सोडला. दौतीतला नमुना निळा होता. मी आनंदाने ओरडलो, “निळा! साखर नाही!” बाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं त्या सातवीच्या शेवटच्या बाकाकडे बघत. “मास्तर, अजून द्रावणात घातलेलं नाही. तुम्ही दौत धुतली नाहीत.”

दुसऱ्यांदा नीट धुऊन दिली. नळीत पिवळा रंग आला, कडेला हिरवट झाक. नारिंगीवरून पिवळा! मी नळी घेऊन खोलीभर फिरलो. गुरुजींनी नाक दाबून अभिनंदन केलं. ड्रिल मास्तर म्हणाले, “लोन्यानं रंग उतरतो होय? मग आमचं घरपन लोन्यानं रंगवतो.” पण त्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यातला कोलंबीचा तुकडा माझ्या डब्यात टाकला. थट्टा करायची आणि डब्यात भर घालायची, असं दोन्ही चालायचं त्यांचं.

घरी मात्र कोणी थट्टा करत नव्हतं. बायकोला हा तिच्या भावाचा शोध, म्हणून अभिमान. आईला समजतच नव्हतं. तिच्या लेखी मी जेवत नव्हतो. भात तिने स्वतः कांडलेला, शेत आमचं, आणि मुलगा ताटावर बसून नुसतं कालवण ओरपतो. ती फक्त भाताचं पातेलं माझ्या बाजूला सरकवून ठेवायची. माझं मन बदललं तर हात पोचावा म्हणून.

मग उपासकाळ आला. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की आमच्याकडचे पुरुष ईस्टरपर्यंत दारू सोडतात. शुक्रवारी मटण तर कोणीच खात नाही. मटणाचं मी माशांवर भागवलं. राहिली दारू. आमच्या परसात ताडाची झाडं होती, भंडारी चढून मडकी उतरवायचा आणि घरचा वाटा ठेवून जायचा. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी त्यातली पेलाभर आंबलेली ताडी घेत असे. ती मी सोडली. कोणत्याही वर्षी सोडतो तशीच, पण या वर्षी जरा जास्तच मोठ्या आवाजात.

आई खूश झाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने भरलेला तांब्या माझ्यापुढे धरला. उन्हं यायच्या आधी झाडावरून उतरवलेली ताजी नीरा. हीच दिवसभर राहिली की आंबून ताडी होते.

“ताडी सोडलीस ना, मग ही घे,” ती म्हणाली. “हिला पाप नाही. थंड असते, साखरंची आग विझवते. तुझ्या बापालापन शेवटच्या वरसाला रोज हीच द्यायची मी. तेवढंच त्याला बरं वाटायचं.”

मला काही खटकलं नाही. नीरा भात नव्हे, पाव नव्हे, बटाटा नव्हे. झाडाचं पाणी. मेहुण्याने सांगितलेल्यात तिचं नाव नव्हतं. अमेरिकेत ताड नसावेत. शिवाय भाताला नाही म्हणून जिचं मन मोडलं, तिच्या हातचं निदान एवढं तरी घ्यावं. मी अख्खा तांब्या रिकामा करायचो, आणि आईच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी मुलगा जेवल्याचं समाधान दिसायचं.

पुढच्या वेळी बाईंनी नळी दिव्यावरून काढली तेव्हा सगळे पुढे वाकले. विटकरी. आमच्या शाळेच्या कौलांसारखा, पक्का.

“चोरून भात खातोय हा,” ड्रिल मास्तरांनी निकाल दिला. “वैनींना सांगा, मडक्याला कुलूप घाला.”

“शीतसुद्धा खाल्लं नाही. देवाशपथ.”

“मास्तर,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले, “नळीला तुमचं-आमचं काय ठाऊक? ती खोटं कशाला बोलेल?”

मी चिडलो, काहीतरी लागेलसं बोललो आणि तासाला निघून गेलो. फळ्यावर मोसमी वाऱ्यांची आकृती काढताना बुटात अंगठा हलवत होतो. ताडी पीत होतो तेव्हा पिवळा, पुण्य करायला लागलो तर विटकरी. देवाचा हा कसला हिशेब? घरी जाताना बांधावरच्या भातशेतांकडे बघून वाटलं, सुईच लागायची असेल तर निदान भात खाऊन तरी लागू दे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला समोर बसवलं. “सकाळपासून तोंडात काय काय गेलं, सांगा. सगळं.”

“बिनसाखरेचा चहा. अंडी. आईनं दिलेली नीरा. मग डब्यात—”

“नीरा?”

“हो. का?”

“नीरंचं काय?” ड्रिल मास्तर मध्येच म्हणाले. “नीरा म्हनजे पानीच की. आमच्याकडं बाळंतिणीला देतात.”

“नीरा सात्त्विक असते,” गुरुजींनीही दुजोरा दिला. भातावरून माझ्याशी भांडणारे हे दोघं नीरेच्या बाबतीत पूर्णपणे माझ्या बाजूचे होते. जी चूक आम्हा तिघांनाही चूक वाटत नव्हती, ती एकट्या बाईंना वाटली. त्या म्हणाल्या, “उद्या बाटलीत आणा. दौतीत नको.”

आणली. बाईंनी माझ्याऐवजी नीरेचेच थेंब निळ्या द्रावणात घातले आणि नळी दिव्यावर धरली. बघता बघता निळं गढूळलं, पिवळं झालं, नारिंगी झालं आणि तळाला विटकरी गाळ बसला.

“संध्याकाळपर्यंत यातल्या बऱ्याचशा साखरेची दारू होते,” बाई म्हणाल्या. “सकाळी सगळीच्या सगळी साखर असते. तुम्ही पेलाभर ताडी सोडलीत आणि तांब्याभर सरबत धरलंत.”

गुरुजींनी नळी खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. “सात्त्विक आहे,” ते म्हणाले, “पण गोड आहे.”

ड्रिल मास्तर टेबलावर हात आपटून हसले. मीही हसलो. भात चोरल्याचा आरोप तर पुसला गेला होता! त्या आनंदात दोन तास शिकवले, आणि तिसऱ्या तासाला वर्गात उभा असताना आईचं वाक्य आठवलं. तुझ्या बापालापन शेवटच्या वरसाला रोज हीच द्यायची मी.

त्यानंतर मला हसू आलं नाही.

वडिलांचा पाय नीरेने गेला असं कोणी म्हणणार नाही. तो आधीच जायला लागला होता. पण आई काय म्हणेल? ती पहाटे उठून, भंडाऱ्याची वाट बघत पायरीवर बसायची, पहिली धार वडिलांसाठी. त्या वर्षातली तिला आठवावीशी वाटणारी एवढी एकच गोष्ट असेल, आणि ती मी निळ्या द्रावणात घालून उकळणार होतो. नाही जमणार, असं ठरवलं. मग नीरा कशी टाळायची?

भूगोलाच्या मास्तराला साजेशी वळणाची वाट मी शोधली. आईला म्हटलं, “आई, नुसती ताडी सोडून काय प्रायश्चित्त होतं? यंदा नीराही सोडतो. आवडीची वस्तू सोडली तरच खरा उपास.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूसाची खूण केली आणि ही बातमी अख्ख्या आळीला सांगितली. मी रातोरात भाविक ठरलो. दर शुक्रवारी क्रूसाची वाट असते, चौदा ठिकाणी थांबून गुडघे टेकायचे. त्यात लाकडी क्रूस धरून पुढे चालायला मला उभं केलं. बायका मुलांना माझ्याकडे बोट दाखवायच्या. मी डोळे मिटून चालायचो, लोकांना वाटे भक्ती. लाज वाटायची म्हणून मिटलेले होते.

पण नळी हिरवी झाली. सुरुवातीला पिवळसर, मग चांगली हिरवी. गुरुजींनी घरून साजूक तुपाची वाटी आणली आणि म्हणाले, “तळहातावर घ्या, काही हरकत नाही.” ड्रिल मास्तरांनी आपला भात सोडला नाही, पण एका शनिवारी खाडीतल्या चिंबोऱ्या पिशवीत घालून आमच्या घरी देऊन गेले. मी तेव्हा देवळात क्रूस घासत होतो. त्या शनिवारी घरात काय बोलणं झालं याचा मला पत्ता नव्हता.

ईस्टरच्या सकाळी मिस्सा करून घरी आलो. उपासकाळ संपला होता, म्हणजे माझी सबबही संपली होती. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. ओट्यावर आई उभी होती. हातात तांब्या.

“उपास सुटला,” ती म्हणाली. “घे.”

नीरेवर फेस होता. मी तांब्या घेतला. एक दिवस घेतली तर काय होतंय, असं स्वतःला समजावलं. उद्याचं उद्या बघू, काहीतरी नवं सुचेल. तांब्या तोंडाला लावणार तोच आईने माझं मनगट पकडलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“खुळा आहेस काय?” ती म्हणाली. “पिणार होतास तू!”

“आई, तूच तर—”

“बघायचं होतं मला. तुझा तो नायगावचा मास्तर चिंबोऱ्या घेऊन आलेला ना, त्यानं सगळं सांगितलं. नळी, रंग, नीरा, सगळं. पोट धरून हसत होता. त्याला काय माहीत.”

तिने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला आणि दारातल्या अबोलीच्या मुळाशी सगळी नीरा ओतली. सावकाश ओतली, धार तुटू न देता. मग पायरीवर बसली.

“तुझ्या बापाला कोनी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “मलापन नाही. नाहीतर दिली असती काय मी?” तिने रिकामा तांब्या पायरीवर पालथा घातला. “पण तुला सांगितलं. नळीत घालून दाखवलं. तरी पिणार होतास. कशाला? मला वाईट वाटू नये म्हनून?”

“हो.”

“मला बरं वाटायला हवं असेल,” आई उठत म्हणाली, “तर दोन्ही पायांवर चालत घरी येत जा.”

पुढे डॉक्टरांनी नळीचा रंग पाहून गोळ्या पुढे ढकलल्या आणि लोण्यावरून मला भरपूर झापलं. लोण्याने खरंच काही केलं की नुसत्या भाताच्या सुट्टीने, हे मला आजही सांगता येणार नाही. बाई म्हणायच्या, ते नळी सांगत नाही.

ईस्टरच्या त्या दुपारी आईने सणाची ताटं वाढली. बायकोच्या ताटात भाताचा डोंगर, स्वतःच्या ताटात भात, आणि पातेलं माझ्याकडे न सरकवता तिने पहिल्यांदाच ते झाकून आत नेऊन ठेवलं. मग माझ्या ताटासमोर उभी राहिली. कडेला डुकराचं आंबट-तिखट इंड्याल होतं, कोशिंबीर होती, चिंबोरीचा रस्सा होता. मधली जागा रिकामी.

“बोडकं दिसतंय रं,” ती म्हणाली.

आत गेली, सणाची उकडलेली अंडी घेऊन आली, आणि एकेक करून बरोबर मधोमध ठेवायला लागली. दोन ठेवली, मागे सरून बघितलं, मान हलवली, आणखी एक ठेवलं.

“आता?” तिने विचारलं.